थाळी आधी मागच्या सतरंजीकडे

सर्व आजी-माजी विद्यार्थी बंधुभगिनींना ख्रिस्तात सलाम.

आपल्या सेमिनरीच्या स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं पत्र आलं आणि मनात एकच माणूस उभा राहिला. चॅपल, मेस, पहाटेचं मनन, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा गच्चीवरचा अभ्यास यांवर बाकीचे लिहितीलच. मला नव्या कराराच्या सरांवर लिहायचं आहे. त्यांचं नाव मुद्दाम घालत नाही. नुसतं ‘सर’ म्हटलं तरी आमच्या पिढीला दुसरं कोणी आठवणार नाही, आणि आपलं नाव असं छापून आलेलं त्यांना आवडलंही नसतं.

सर ग्रीक शिकवायचे, पण शब्दाची फोड झाली की खडू ठेवून विचारायचे, “हे तुमच्या गावात कोणाला सांगाल? आणि ते ऐकून कोण उठून जाईल?” बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात न्याय पाण्याच्या लोंढ्यासारखा वाहू द्या असं येतं. त्यावर एका मुलाने फार सुंदर संदेश तयार केला होता. सरांनी तो शांतपणे ऐकला आणि एवढंच विचारलं, “तुमच्याकडे पाणी कुठल्या विहिरीवर भरतात?” मग आमोस राहिला बाजूला आणि तासभर महाडच्या चवदार तळ्यावर बोलले. १९२७ सालचा तो मार्च महिना त्यांनी असा उभा केला, की पुढे आमोस वाचताना मला दरवेळी ते तळंच दिसत आलं.

रविवारी सर आम्हाला खेड्यांतल्या मंडळ्यांत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, न्यायचे. एकदा नगर जिल्ह्यातल्या एका गावी प्रभुभोजनाचा विधी चालवायला त्यांना बोलावणं होतं. त्यांची पिशवी धरायला मी होतो. मंदिर छोटंसं, पत्र्याचं. पुढच्या सतरंजीवर मंडळीचे पंच आणि आमच्याच महारवाड्यातून ख्रिस्ती झालेली घरं, त्यांत माझ्या नात्यातलेही काही. दाराजवळच्या सतरंजीवर मांगवाड्यातली कुटुंबं. बाप्तिस्मा एक, गीतांचं पुस्तक एक, पण भाकर आणि प्याला पुढून मागे जायचा, आणि मागे पोहोचेपर्यंत प्याल्यात जेमतेम घोटभर उरायचा. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. त्याबद्दल कोणी बोलत नसे.

त्या दिवशी सरांनी प्रार्थना केली, भाकर मोडली आणि थाळी-प्याला घेऊन दोन सतरंज्यांच्या मधून सरळ दाराकडे गेले. एका म्हातारीसमोर गुडघे टेकून बसले. तिने पदर डोक्यावर ओढला, हात पुढे केला, परत मागे घेतला आणि पुढच्या माणसांकडे पाहिलं. सर तसेच बसून राहिले. घाई नाही, समजावणं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, “घ्या आजी, प्रभूने वाढलंय.” तिने घेतलं. मग तिच्या शेजारणीने, मग पोरांच्या आयांनी. प्याला पुढे आला तेव्हा दोन पंच उठून बाहेर गेले. बाकीच्यांनी मान खाली घालून घेतला. दुपारचं जेवण गावात ठरलेलं होतं, त्याचा विषय कोणी काढला नाही. आम्ही एसटी स्टँडवर भेळ खाल्ली. सर त्या प्रसंगाविषयी चकार शब्द बोलले नाहीत. मला विचारत होते, परीक्षेची तयारी कुठवर आली.

आठवड्याभरात प्राचार्यांकडे तक्रारीचं पत्र आलं. सरांनी त्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बायबलमधला एक संदर्भ उत्तर म्हणून लिहून दिला: १ करिंथ ११, ओवी २० ते २२, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातला भाग. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच भाग घेतला. करिंथच्या मंडळीत खाऊनपिऊन सुखी असलेले लवकर जमायचे आणि जेवून मोकळे व्हायचे. गरीब मात्र उपाशी राहायचे. पौल त्यांना स्पष्ट सांगतो, तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. सर म्हणाले, “पौलाने इथे विधीतली चूक काढलेली नाही, वाढण्यातली काढली आहे.” मी आजवर पुष्कळ ग्रंथ वाचले. या उताऱ्यावर याच्या पलीकडचं काही मला मिळालं नाही.

त्या प्रकरणानंतर एका मोठ्या पदासाठी चाललेलं त्यांचं नाव मागे पडलं, हे आपल्यातल्या ज्येष्ठांना माहीत आहे. सरांनी कधी कुरकुर केली नाही. ते आम्हाला ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं सांगायचे: १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडणारे टिळक. पंडिता रमाबाईंचं सांगायचे: १८९७ च्या पुण्याच्या प्लेगमध्ये सरकारी छावणीत बायकांचे काय हाल होतात ते वर्तमानपत्राला लिहून कळवणाऱ्या, आणि गव्हर्नरने ते नाकारलं तरी मागे न हटणाऱ्या रमाबाई. ख्रिस्ती धर्मचिंतक अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बेंगळुरूच्या धर्मविद्यालयात शूद्रांच्या ईश्वरविज्ञानाची, म्हणजे देवाकडे शूद्रांच्या नजरेतून पाहण्याच्या विचाराची, मांडणी केली, तिचं टिपण सरांनी आम्हाला स्वतः मराठीत उतरवून दिलं होतं. सायक्लोस्टाइल केलेली ती पानं माझ्याकडे अजून आहेत.

माझ्या मंडळीत आज प्रभुभोजन मागच्या रांगेपासून सुरू होतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. कब्रस्तान सगळ्यांचं एकच आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा ज्या पोरांना मागे ठेवता येतं ती मंदिरामागच्या खोल्यांत राहतात आणि शाळेत जातात. जातीच्या दाखल्यांसाठी तहसीलला मी स्वतः जातो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख त्यात आले, १९९० मध्ये बौद्ध आले. आम्ही ख्रिस्ती बाहेरच आहोत. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढा असं सांगितलं, २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला. मंडळीतली तरुण पोरं मला विचारतात, “पाळकसाहेब, बाप्तिस्मा घेतल्याने आमचा वाडा बदलला का?” त्यांना पोकळ दिलासा देऊन चालत नाही, हे मी सरांकडून शिकलो.

गेल्या वर्षी सेमिनरीत येऊन गेलो. वाचनालयाला नवी फरशी आहे, वर्गात पडदे आणि प्रोजेक्टर आहेत, त्याचा आनंद आहे. पण मराठी पुस्तकांचं कपाट जिन्याखाली गेलं आहे, आणि रविवारच्या गावफेऱ्या बंद होऊन त्यांच्या जागी अहवाल लिहिणं आलं आहे. याचं फार वाईट वाटलं. करिंथकरांस पत्र शिकायला वर्गाची खोली पुरत नाही. त्यासाठी दोन सतरंज्यांमधून चालत जावं लागतं.

म्हणून संचालक मंडळाला माझी नम्र विनंती आहे. रौप्य, सुवर्ण, हीरक असे कितीही महोत्सव करा, पण पुढच्या जूनपासून गावफेऱ्या पुन्हा सुरू करा. पहिले दोन विद्यार्थी माझ्याकडे पाठवा. राहण्या-जेवण्याची सोय मंडळी करील, एसटीचं भाडं मी देईन.