ओल्या वाळूवरून

बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्याला ‘प्लॅटिनम कोस्ट’ म्हणतात. सोनं म्हणणं कुणाला तरी कमीपणाचं वाटलं असावं. टोरोंटोच्या जानेवारीला कंटाळून आम्ही आठवडाभर तिथे गेलो खरे, पण उतरलो होलटाउनमध्ये, रस्त्याच्या अलीकडे, एका बाईंच्या घराच्या माडीवर. तिथूनही समुद्र दिसायचा. मान जरा वाकडी करावी लागे, एवढंच.

या बेटावर खासगी किनारा म्हणून काही नाही. हॉटेल कितीही तालेवार असो, पाण्यालगतची वाळू सगळ्यांची. त्यामुळे रोज सकाळी चपला हातात घेऊन आम्ही दक्षिणेकडे चालत सुटायचो आणि डाव्या बाजूला ज्यांच्या एका रात्रीचं भाडं हजार डॉलरच्या पुढे जातं, ती हॉटेलं फुकटात बघून यायचो.

माझी कल्पना होती की इथे सगळे सिनेमातल्यासारखे चकचकीत लोक असतील. तसे कुणी दिसले नाहीत. दिसले ते सत्तरीतले इंग्रज नवरा-बायको. विटलेली अर्धी चड्डी, कडा उसवलेली गवती हॅट, पाण्याने फुगलेली जाडजूड कादंबरी. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत यांचा हंगाम. दरवर्षी तेच पंधरा दिवस, तीच खोली, तीच आरामखुर्ची. माझ्या डोक्यात चैन म्हणजे रोज काहीतरी नवं. यांची चैन म्हणजे काहीही बदलू नये. सँडी लेन हे इथलं सगळ्यात मिरवणारं हॉटेल. रोनाल्ड ट्री नावाच्या ब्रिटिश माजी खासदाराने ते 1961 साली उसाच्या जुन्या मळ्यावर, प्रवाळाच्या दगडात उभं केलं. पुढे हिवाळ्यात लंडनहून थेट काँकॉर्ड, म्हणजे आवाजाहून वेगाने उडणारं विमान, यायचं, चार तासांच्या आत. 2003 मध्ये काँकॉर्डची उड्डाणं बंद झाली. त्यातलं एक विमान आता इथल्याच विमानतळाजवळ उभं आहे.

एकदा सकाळी साडेसहाला निघालो. हॉटेलचा पांढरा झगा घातलेले एक गृहस्थ खोलीतून बाहेर आले, इकडेतिकडे पाहिलं, पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर पुस्तक आणि चष्म्याचं घर ठेवलं आणि परत झोपायला गेले. मला स्वारगेटची आठवण झाली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारा माणूस हुबेहूब असाच दिसतो, फक्त झगा नसतो.

खुर्च्यांच्या मागे काही झाडांच्या बुंध्यांवर लाल पट्टा रंगवलेला होता. ते मँचिनील. पावसात त्याखाली उभं राहिलं, तर ठिबकणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड येतात. बिब्ब्याचा भाऊच म्हणा. या किनाऱ्यावर अडवणूक करणारं तेवढंच एक झाड.

सुती झगे विकणारी एक बाई रोज भेटायची. तिलाही खुर्च्यांपर्यंत जायची मुभा नव्हती. ती ओल्या वाळूत उभी राहून गिऱ्हाइकांना नावाने हाका मारायची आणि हजार डॉलरवाले मुकाट्याने खाली यायचे. त्या पांढऱ्या झग्यातल्या गृहस्थांकडे बोट दाखवून ती म्हणाली, “त्या खुर्चीत आधी त्याचा बाप बसायचा.” मग आमचा गाव विचारला. इंडिया म्हटल्यावर हसलीच. “तुमच्या कॅप्टनने आमचं गवत खाल्लं!” जून 2024 ची विश्वचषकाची फायनल, रोहित शर्माने इथल्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर तोंडात टाकलेलं गवत. त्यानंतर बेरिल वादळ आलं, विमानतळ बंद झाला आणि जगज्जेते काही दिवस हॉटेलातच अडकून पडले. “फुकटची सुट्टी मिळाली, तरी सगळ्यांना घरी जायची घाई,” ती म्हणाली. आमच्या हिने दोन झगे घेतले. घासाघीस मी करून पाहिली, जमली नाही.

शेवटच्या दिवशी हिच्या हट्टापायी एका हॉटेलात दुपारच्या चहाला गेलो. इस्त्रीची पँट घालून. आत इतकी शांतता की साखर ढवळताना चमचा कपाला लागला तरी ओशाळल्यासारखं व्हावं. कुणी आमच्याकडे पाहत नव्हतं, अगदी शिस्तीत. वाढप्या मात्र अदबीने वाकला आणि म्हणाला, “सर, पहिल्यांदाच आलात?” शेजारच्या टेबलाला त्याने हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांना तो “नेहमीचंच ना?” म्हणाला होता.

संध्याकाळी ब्रिजटाउनला जायला पिवळी मिनीबस पकडली. कर्कश गाणी, गच्च माणसं, आपलं वडापच. पुढच्या थांब्यावर तोच वाढप्या चढला, टीशर्टात, खांद्यावर पिशवी, दारातूनच कुणाशी तरी मोठमोठ्याने हसत. मला ओळखलं की नाही, कोण जाणे. माझ्या मांडीला मांडी लावत म्हणाला, “सरक की रे आत!”

मी सरकलो.