एसजीपीटी 240 म्हणजे 240 काय?

रिपोर्टच्या खिडकीशी उभे असलेले एक आजोबा मध्यंतरी म्हणाले, "ताई, जास्त आहे की कमी ते डॉक्टर सांगतील. मला एवढंच सांगा, हे 240 कसले? मिलिग्रॅम?" बायोकेमिस्ट्रीच्या बाकावर माझी बरीच वर्षं गेली, पण हे कुणी विचारत नाही. मागे रांग होती म्हणून थोडक्यात आटोपलं. इथे सविस्तर लिहिते.

साखरेचा आकडा वजनाचा असतो: एक डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींमधलं एक एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं भराभर उरकणारं प्रथिन. त्याचा आकडा वेगाचा आहे. 240 युनिट प्रति लिटर म्हणजे, 37 अंश सेल्सिअसला, आम्ही दिलेल्या रीएजंटमध्ये (तपासणीच्या रसायनात), लिटरभर सीरममधलं (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पातळ भागातलं) ते एन्झाइम मिनिटाला 240 मायक्रोमोल (रेणू मोजायचं एकक) ॲलनीन या अमिनो आम्लाचं रूपांतर करतं. ते एन्झाइम स्वतः वजनाने किती आहे, हे आम्ही बघतच नाही. सीरममध्ये अल्ब्युमिन आणि इतर प्रथिनांची इतकी गर्दी असते की त्यातलं हे चिमूटभर प्रथिन वेगळं काढून तोलणं अवघड. पण ते कामावरून पकडता येतं, कारण एकच रेणू तेच काम पुन्हा पुन्हा करत राहतो.

हे काम यकृताच्या पेशीच्या आत चालायचं असतं. रक्तात या एन्झाइमला तसा काही उद्योग नाही. पेशी दुखावल्या की ते बाहेर झिरपतं, आणि आम्हाला सापडतं.

आता ते करतं काय? त्याच्या घडीत एक खोबण असते आणि तिथे बी-6 जीवनसत्त्वापासून बनलेला एक छोटा रेणू लायसीन नावाच्या अमिनो आम्लाला जोडलेला असतो. ॲलनीन आत आलं की बी-6 लायसीनला सोडून ॲलनीनला धरतं. बी-6 चं कडं इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतं, त्यामुळे ॲलनीनमधला एक बंध सैल पडतो. मोकळं झालेलं तेच लायसीन तिथला प्रोटॉन उचलतं आणि पलीकडे ठेवतं. शेवटी नायट्रोजनचा गट बी-6 कडे राहतो आणि उरलेला भाग पायरुव्हेट होऊन निघून जातो. मग किटोग्लुटारेट नावाचा दुसरा रेणू येतो, तो गट घेतो, ग्लुटामेट बनून जातो. एन्झाइम होतं तसं, पुढच्या ॲलनीनसाठी रिकामं. रुग्णाच्या अंगात बी-6 कमी असेल तर एन्झाइम असूनही रीडिंग कमी येतं, म्हणून चांगल्या रीएजंटमध्ये ते वरून घातलेलं असतं.

पायरुव्हेट आम्हाला दिसत नाही. त्यामुळे रीएजंटमध्ये दुसरं एन्झाइम मुबलक घातलेलं असतं. ते पायरुव्हेटचं लॅक्टेट करताना एनएडीएच नावाचा रेणू खर्च करतं. एनएडीएच 340 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. तो शोषणाचा आकडा किती भराभर उतरतो, तोच तुमचा एसजीपीटी.

शाळेत सगळ्यांना कुलूप-किल्ली शिकवतात. रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने 1894 मध्ये मांडलेली ही कल्पना कोणतं एन्झाइम कोणता रेणू निवडतं हे छान सांगते, पण वेग कुठून येतो हे सांगत नाही. उलट कच्चा माल खोबणीत अगदी तंतोतंत बसला तर तो तिथेच आरामात बसून राहील, बदलेल कशाला? 1940 च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगने म्हटलं की एन्झाइम सगळ्यात घट्ट धरतं ते कच्च्या मालाला नव्हे आणि तयार मालालाही नव्हे, तर अर्धवट बदललेल्या मधल्या अवस्थेला. जुना बंध तुटत आलाय, नवा अजून जुळला नाही, अशी ती अवस्था सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाइतकीही टिकत नाही. तिथवर चढायला ऊर्जा लागते, आणि त्या चढापाशीच बहुतेक रेणू अडतात. खोबण त्या अवस्थेला सावरते म्हणून चढ उतरतो. मला विचाराल तर शाळेत पहिल्यांदा हेच शिकवावं.

हा चढ केवढा असू शकतो याचं माझं आवडतं उदाहरण डीएनए-आरएनएचे घटक बनवताना लागणाऱ्या एका पायरीचं आहे. रिचर्ड वुल्फेंडेन यांच्या प्रयोगशाळेने 1995 मध्ये दाखवलं की एन्झाइमशिवाय, साध्या पाण्यात, निम्मे रेणू बदलायला सुमारे 7 कोटी 80 लाख वर्षं लागतील. एन्झाइमचा एक रेणू ते काम सेकंदात कित्येकदा करतो. तांबड्या पेशीतलं कार्बोनिक अनहायड्रेज तर सेकंदाला दहा लाखांच्या घरात कार्बन डायऑक्साइडचे रेणू हाताळतं. आणि ते गरजेचंच आहे: फुप्फुसाच्या केशिकेत रक्त जेमतेम पाऊण सेकंद थांबतं, आणि कार्बन डायऑक्साइड व बायकार्बोनेट यांच्यातली ही अदलाबदल आपली आपण व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

दिशा मात्र एन्झाइम ठरवत नाही. ते जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही वेग सारखेच वाढवतं. जिकडे जास्त साचलंय तिकडून गाडा पुढे सरकतो, एवढंच.

बाकावर हे सगळं वेगळ्या रूपात भेटतं. तीव्र काविळीचं सॅम्पल येतं तेव्हा एसजीपीटी हजारांत असतो. मशीन मोजायला सुरुवात करेपर्यंत एनएडीएच संपलेलंच असतं आणि आलेख सपाट दिसतो. सपाट म्हणजे काम शून्य, असं वाटू शकतं. त्यावर मशीन खूण करतं. मग सॅम्पल दहापट डायल्यूट करून पुन्हा लावायचं. अल्कलाइन फॉस्फेटेज (रिपोर्टमधलं आणखी एक एन्झाइम) अचानक तळाला, कॅल्शियमही तळाला आणि पोटॅशियम माणूस जिवंत राहणार नाही इतकं वर, असं त्रिकूट दिसलं की समजावं, कुणीतरी जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलंय. त्या ट्यूबमधलं पोटॅशियम ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन कॅल्शियम धरून ठेवतं, आणि फॉस्फेटेजला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियमही पळवतं.

ग्रे टोपीच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं. रक्त काढल्यावरही तांबड्या पेशी साखर खातच राहतात, तासाला पाच-सात टक्के. फ्लोराइड साखर मोडणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीतलं इनोलेज हे एन्झाइम बंद पाडतं. पण इनोलेज साखळीच्या शेवटाकडे आहे. ते थांबलं तरी वरच्या पायऱ्या तासभर साखर ओढत राहतात, मग कुठे सगळं ठप्प होतं. म्हणून ग्रे टोपी आहे ना, मग घाई कशाला, असं म्हणत सॅम्पल टेबलावर ठेवून चहाला जाणाऱ्यांशी माझं रोज वाजतं.