उसाचा पाला, लाल डोळा आणि मागल्या खेपेचा थेंब

गळीत हंगाम सुरू झाला की करवीर तालुक्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानात एक ठरलेले गिऱ्हाईक येऊ लागते: एका डोळ्यावर टॉवेलाचे टोक दाबून धरलेले आणि दुसऱ्या डोळ्याने फळीवरच्या बाटल्या शोधणारे. “पाला लागलाय, मागल्या खेपेचा थेंब द्या,” एवढेच त्याचे म्हणणे असते. तो थेंब बहुतेक वेळा स्टिरॉइडचा निघतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी तो देत नाही. काही जण नाराज होऊन पुढच्या दुकानात जातात; हे लिखाण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

उसाच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते. तोडणी करताना किंवा मोळी उचलताना ती डोळ्याला घासली, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, खरवडला जातो. नुसता ओरखडा असेल तर तो बहुधा काही दिवसांत भरून येतो. पण पाल्यावर बुरशीचे बीजाणू असतात, ते ओरखड्यातून आत शिरले की जखम चिघळते. फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशा अशा जखमांत नेहमी सापडतात. बुरशी सावकाश वाढत असल्यामुळे पहिले काही दिवस खुपणे आणि पाणी येणे यापलीकडे फारसे काही जाणवत नाही, आणि नेमके तेच दिवस हातचे जातात. त्यात घरगुती उपायांची भर पडते: कुणी जिभेच्या टोकाने कुसळ काढून देतो, कुणी बाळंतिणीचे दूध घालतो, कुणी मध.

स्टिरॉइडच्या थेंबाने लाली आणि ठणका खरोखरच उतरतो, म्हणूनच तो घातक आहे. शरीराचा प्रतिकार दाबला गेल्यामुळे डोळा शांत दिसतो आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. गिऱ्हाईक समाधानाने कामावर जाते आणि आठवड्याभराने बुबुळावर पांढुरका डाग घेऊन परत येते.

नेत्रतज्ज्ञ अशा वेळी जखमेचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, कारण जंतूंची जखम आणि बुरशीची जखम यांची औषधे वेगळी आहेत. बुरशीसाठी सहसा नॅटामायसिनचा ५ टक्के थेंब लिहून देतात. हे औषध तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवावी लागते. मी देताना एकदा हलवून दाखवतो, कारण न हलवता घातल्यास औषध पुरेसे पडत नाही. सुरुवातीला ते दर तासाला घालावे लागते आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. जखम बरी झाली तरी बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, राहू शकते. ते नजरेच्या मध्यावर असेल, तर पुष्कळदा कॉर्निया बदलण्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो आणि त्यासाठी नेत्रदानातून आलेला डोळा लागतो.

वेळेचे महत्त्व किती, हे नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यातल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. तिथे गावोगावच्या नेत्रसेवकांनी डोळ्याला इजा झालेल्यांना जवळच्या नेत्रकेंद्रात पाठवले आणि ओरखडा आढळलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे १ टक्का मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिले गेले. अशा ४४२ जणांपैकी ९६ टक्के जणांची जखम चिघळली नाही आणि पहिल्या अठरा तासांत मलम मिळालेल्यांपैकी एकाचीही जखम चिघळली नाही. दुकानातून मलम नेऊन घरीच इलाज करावा, असा याचा अर्थ मी काढत नाही. त्याच दिवशी डोळा दाखवावा, असा काढतो.

हे सांगणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे. तोडणीला आलेले नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि एकाचा डोळा गेला की दोघांचे काम थांबते. दर तासाला थेंब घालायला फडात कुणाला सवड असते? मुकादमाने आणि शेतमालकाने निदान पहिल्या दिवशी गाडीची सोय करून माणसाला सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, नेत्रविभागात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे पोचवावे. टोळीला साधे प्लॅस्टिकचे गॉगल दिले तरी बऱ्याच इजा टळतील, मात्र घामाने काच धूसर होते ही मजुरांची तक्रार खरी आहे, म्हणून बाजूने हवा खेळणारे गॉगल घ्यावेत.

डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा आणि दवाखान्यात जाताना आधी घातलेल्या थेंबाची बाटली, रिकामी असली तरी, सोबत न्यावी, म्हणजे डोळ्यात स्टिरॉइड गेले आहे का हे डॉक्टरांना लगेच कळते.