किती कापू?

आमच्या घरात कात्र्या तीन. एक शिवणाच्या पेटीतली, तिने कागद कापला तर आई आजही ओरडते. दुसरी स्वयंपाकघरातली, दुधाच्या पिशव्यांची. तिसरी दाढीच्या सामानातली, बारकी, मिशांपुरती. २०२० च्या जूनमध्ये या तिघींनी मिळून माझ्या नवऱ्याचं डोकं पुरं केलं. तेव्हापासून केस घरी कापावेत की सलूनमध्ये, यावर मी कुणाला सल्ला देत नाही.

झालं असं, की मार्चपासून सगळी सलून बंद. मे संपेस्तोवर यांचे केस कॉलरवर उतरले. भाच्याचा एक ट्रिमर घरात पडून होता. वादळ येणार म्हणून दापोलीजवळच्या आमच्या मुरूडात जो तो कौलांवर दोर टाकत होता, आणि हे म्हणाले, "लाईट जाईल, आत्ताच उरकून घेऊ." हे शहाणपण सुचलं ३ जूनच्या, म्हणजे वादळाच्याच दिवशी, सकाळी. डाव्या कानापासून सुरुवात करून मी टाळूपर्यंत पोचले आणि ट्रिमरने मान टाकली. चार्जिंगला लावायला गेले तर लाईट गेलेली. दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं. संध्याकाळी दार उघडलं तर वाडीतल्या पोफळी एकमेकींच्या अंगावर आडव्या, आणि पडवीत अर्धं डोकं भादरलेला माझा नवरा. दुसऱ्या दिवशी शेजारी आपला उडालेला पत्रा शोधत आले. यांच्याकडे बघून आधी पोटभर हसले, मग म्हणाले, "वहिनी, एका बाजूचं वादळानं नेलं काय?" ज्याचं छप्पर गेलंय त्याच्यावर रागावता येत नाही. लाईट यायला तीन आठवडे लागले, म्हणून मग कात्र्या. २८ जूनपासून राज्यात सलूनला परवानगी मिळाली (केस कापायला, दाढीला नाही). दापोलीतलं सलून उघडल्याचं कळताच हे गेले, तर तिथल्या माणसाने डोक्याभोवती एक फेरी मारून विचारलं, "काका, हे कुठं केलंत?"

पण आमच्याकडे घरी केस करणं म्हणजे कात्री नव्हेच. घरचं काम म्हणजे न्हाणं, तेल आणि वेणी. कात्री घरातल्या बाईच्या केसांना लागायची नाही.

न्हाण्याची तयारी मे महिन्यातच व्हायची. अंगणात एका सुपात शिकेकाई, एकात रिठे, एकात आवळकाठी, नागरमोथा आणि गवला कचरा. वाळून कडकडीत झाले की दळायला. गिरणीवाला शिकेकाईचा डबा बघितला की तोंड वाकडं करायचा. सगळ्यांची पिठं झाली की शेवटी घेणार, कारण त्यानंतर जात्यात जे पडेल त्याला शिकेकाईचा वास. दळताना तो नाकाला पंचा बांधायचा आणि बाहेर रांगेत उभे असलेले आम्ही शिंकत असायचो. ती पूड चुलीवर उकळायची, जास्वंदीची पानं चुरून त्यांचा बुळबुळीत चीक काढायचा, आणि पितळी तांब्या घेऊन आजी न्हाणीत उभी राहायची. डोळे मिटा म्हटलं तरी शिकेकाई पापणीखालून शिरायचीच.

हा हट्ट नुसता जुनेपणाचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. समुद्राच्या एवढं जवळ राहायचं म्हणजे मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होणार. त्यात साबण लावला की फेस येतच नाही, उलट केसांवर पांढरट चिकट साय बसते. रिठ्याचं तसं नाही. त्यातलं फेस आणणारं द्रव्य साबणासारखं क्षारांशी भांडत नाही, त्यामुळे मचूळ पाण्यातही त्याचा फेस होतो. आजीला हे कारण ठाऊक नव्हतं, पण एका मेमध्ये मुंबईहून आलेल्या आत्येने वासाच्या साबणाने केस धुतले आणि सुकल्यावर ते काथ्यासारखे झाले, तेव्हा आजी कुणाला काही न बोलता दिवसभर खुशीत होती.

तेल घरच्या नारळांचं. चोवीस अंशांच्या खाली पारा गेला की खोबरेल थिजतं. म्हणजे आमच्याकडे थंडी पडली की नाही हे शिशीकडे बघून ठरायचं. डिसेंबरच्या सकाळी ती शिशी चुलीच्या कडेला, आणि आम्ही मागल्या पायरीवर एकाखाली एक: वर आजी, तिच्या खाली आई, सगळ्यात खाली मी. आजी आईचे केस विंचरायची, आई माझे. मला आई ओढायची तेव्हा मला वाटायचं माझं काही चुकलं. पुढे लक्षात आलं की वरून आजीने आईला हिसका दिला की तो तसाच खाली माझ्यापर्यंत यायचा.

वेणी कशी घालायची, भांग कुठे पाडायचा, अबोलीचा वळेसर आज माळायचा की उद्या, यातलं काहीही मला कुणी विचारलं नाही. आईलाही नाही. दिवेलागण झाली की केस सोडायचे नाहीत. मोकळे सोडून वाडीत जायचं नाही. विंचरून निघालेलं गुंतवळ बोटाला गुंडाळून डब्यात ठेवायचं, कारण केसांवर भांडी देणारी बाई कधीतरी यायची. आजीचं स्वतःचं गंगावन खुंटीला टांगलेलं असायचं. लहानपणी रात्री न्हाणीकडे जाताना मी त्याला घाबरायचे. आता पार्लरात त्यालाच एक्स्टेन्शन म्हणतात आणि दर ऐकून घाबरायला होतं.

आमचं मुरूड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आजीची एक चुलत सासू होती, विधवा, लाल आलवणातली. दर काही आठवड्यांनी मागल्या दारी न्हावी यायचा आणि ती विहिरीच्या कडेला खाली मान घालून बसायची. आजी तेव्हा नवी सून. ती सांगायची, "मी आपली पाणी काढत असल्याचं सोंग करायची गो." कर्व्यांच्या लग्नाच्या तीन वर्षं आधी, १८९० मध्ये, मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली होती आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं तिथे ठरलं होतं. ज्याच्या हातात वस्तरा त्यानेच नको म्हटलं. आमच्या मागल्या दारापर्यंत हे यायला पुढे कितीतरी वर्षं लागली. म्हणून घरच्या न्हाण्याच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांत मी पटकन सामील होत नाही. घरात फणी प्रेमाने फिरते हे खरं, पण ती कुणाच्या हातात आहे तेही बघावं लागतं.

मी पहिल्यांदा पार्लरात गेले ती १९९४ मध्ये, लग्नाच्या आधी, मैत्रिणीबरोबर, घरी न सांगता. दापोलीला कृषी विद्यापीठातल्या मुलींमुळे तेव्हा नुकतीच एक-दोन पार्लरं चालू लागली होती. हे पार्लर म्हणजे एका घराची पुढची खोली, पडदा, आरसा आणि फिरती खुर्ची. त्या बाईने माझी वेणी सोडली, केस पाठीवर पसरले आणि विचारलं, "किती कापू?"

मला उत्तर येईना. माझ्या केसांचं काय करायचं हे मला कुणी विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी बोट दाखवलं. बोटभर. पार्लरातलं बोट आणि घरचं बोट यांच्या मापात काय तफावत असते ते मला माहीत नव्हतं. तिने वीतभर कापले. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे ती एक वीत भरून यायला दीड वर्ष.

तीन आठवडे मी अंबाडा घालून वावरले. "केस गळतायत, बांधून ठेवते," असं सांगितलं. आजीने पकडलं ते गुंतवळावरून. माझ्या फणीतला एक केस तिने सवयीने बोटाला गुंडाळला. नेहमी आठ-दहा वेढे व्हायचे, ते पाच-सहातच संपले. तिने तो पुन्हा उलगडून उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "कुठे गेली होतीस?" त्या प्रश्नात कापण्याचं नावही नव्हतं, तरी मी रडले.

नंतर मात्र जातच राहिले. खोटं कशाला बोलू, मला ती खुर्ची आवडते. मान मागे टाकून बेसिनवर डोकं ठेवलं की दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांनी केस धुतले जातात आणि आपण काहीही करायचं नसतं. शाम्पू हा शब्दही आपल्याच चंपीवरून इंग्रजीत गेलेला. पाटण्याचे शेख दीन मोहम्मद यांनी १८१४ च्या सुमारास ब्रायटनला वाफेच्या न्हाण्याबरोबर मालिशही विकायला सुरुवात केली आणि शाम्पू हा शब्द तिकडे रुळला. तेच आता बाटलीत भरून, आणि त्यावर कर देऊन, आपण परत घेतो.

वाफेवरून आठवलं. पार्लरात हेअर स्पा नावाचा एक प्रकार असतो. केसांना क्रीम फासतात आणि डोक्यावर वाफेचं टोपडं ठेवतात. बाहेर मे महिना. कपाळावरून घाम ओघळतोय, आमसुलं सुकत नाहीत, भिंतींना ओल आहे, आणि मी एसटीचं तिकीट काढून दापोलीला जाऊन एसीत बसून पैसे मोजून डोक्याला वाफ घेते. पंधरा मिनिटं. हे मी आईला कधी सांगितलेलं नाही.

एकदा भाचीच्या लग्नासाठी केस सरळ करून घेतले. दोनशे अंशांच्या आसपास तापलेली इस्त्री एकेका बटेवरून फिरली आणि आरशात कोणी टीव्हीवरची बातम्या देणारी बाई दिसायला लागली. घरी निघाले. आसूदच्या उतारावर खिडकीतून वारा आला आणि पोफळीच्या वाड्या दिसायच्या आत कानामागच्या बटा वळायला लागल्या. मुरूडला उतरले तेव्हा मी पुन्हा मीच होते. पुढच्या वेळी तक्रार केली, तर पार्लरातल्या मुलीने छान समजावलं. इस्त्रीने केसातले जे बंध मोडून सरळ बसतात ते कच्चे, पाणी लागलं की सुटतात, हवेतला दमटपणा पुरतो त्यांना. पक्कं सरळ हवं तर रसायनाने आतले गंधकाचे बंध तोडावे लागतात, आणि मग नवीन उगवलेले केस कुरळे नि खालचे सरळ, असं दोन मजली डोकं घेऊन फिरायचं. कोकणातल्या हवेशी पैज लावायची नाही, एवढं मी त्या दिवशी ठरवलं.

ती मुलगी मला आधी ताई म्हणायची. आता काकू म्हणते. नेमकं कधी बदललं ते कळलं नाही, पण मी मेंदी सोडून रंगाकडे वळले त्याच सुमारास असावं. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवलेली मेंदी पांढऱ्या केसांवर शेंदरी उतरते. मग मी दुकानातून काळ्या मेंदीचं पाकीट आणून घरीच लावलं. कान सुजले, मानेवर पुरळ. पाकिटावर बारीक अक्षरांत जे लिहिलं होतं त्यात मेंदी नावाला आणि बाकी रंगाचं रसायन. आता पार्लरातली मुलगी आधी कानामागे ठिपकाभर लावते आणि दोन दिवसांनी या म्हणते. दोनदा एसटीचा खर्च, पण मी मुकाट्याने जाते.

टाळेबंदीनंतर तिने घरी येऊन काम करायला सुरुवात केली. स्कूटीवर पुढे पेटी, पेटीत कात्र्या, पाण्याची फवारणी, काळा झगा. आईचा उजवा खांदा धरल्यापासून तिचे केस मी विंचरते. केस कसले, उंदराच्या शेपटीएवढी वेणी राहिलीय, पण गुंता मात्र पूर्वीएवढाच होतो. मी ओढते. मला कळतं की मी ओढते. परवा आईच म्हणाली, "त्या पोरीला बोलाव. ती तुझ्यापेक्षा हलक्या हाताची वाटते."

रविवारी ती आली. आईला मागल्या पायरीवर खुर्ची टाकून बसवलं, झगा बांधला. आईने लगेच तो गुडघ्यांवर सारखा केला. मुलीने वेणी सोडली, केस पाठीवर पसरले, बारीक दाताच्या फणीने अलगद उतरवले. मग वाकून आईच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने विचारलं, "आजी, किती कापू?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी विहिरीकडे बघायला लागले, पाणी काढायचं असल्यासारखी.

"मला विचारत्येस?" आई म्हणाली.

"मग कुणाला विचारू?"

आई बराच वेळ काही बोलली नाही. झग्याखालून एक हात काढून तिने मानेमागे केस चाचपले, पुढे घेतले, टोकाशी चिमटीत धरून बघितले. मुलगी कात्री हातात घेऊन उभी.

"विचार करत्ये," आई म्हणाली. "तू तोवर चहा घे."

चहा झाला. मुलीने मला खुणेनं विचारलं. मी तिच्या कपात आणखी थोडा ओतला.