तेहतीस दिवस अडकलेल्या सहा कप्प्या

बोटीचं सामान परदेशातून मागवणार असाल, तर पैसे भरण्याआधी दुकानदाराला लिहा की इन्व्हॉइसवर प्रत्येक वस्तूचं नाव साध्या शब्दांत आणि उपयोगासकट टाक. कप्पीला इंग्रजीत ब्लॉक म्हणतात, पण नुसतं 'ब्लॉक' लिहू देऊ नका. या एका शब्दापायी माझं पार्सल तेहतीस दिवस विमानतळाजवळच्या गोदामात पडून होतं. आजही आठवलं की डोकं तापतं.

आमची बोट बावीस फुटी, फायबरची, बरीच जुनी. धाकटा भाऊ आणि मी, दोघांत मिळून घेतलेली. पुढचं शीड म्हणजे जिब फर्लरवर, म्हणजे शीड गुंडाळायच्या यंत्रावर गुंडाळतं. नाळेपाशी, बोटीच्या पुढच्या टोकाला ड्रम, ड्रमवर दोरी, आणि ती दोरी डेकच्या कडेने कप्प्यांतून मागे कॉकपिटपर्यंत, म्हणजे बसायच्या जागेपर्यंत. दोरी ओढली की ड्रम फिरतो आणि शीड स्वतःभोवती गुंडाळलं जातं. २०२४ च्या मार्चमध्ये खांदेरीहून परतताना दुपारी वायव्येचा वारा एकदम चढला. शीड आवरायला दोरी ओढली, तीन वेढे बसले आणि पुढे ती जागची हलेना. ड्रमवर एक वेढा दुसऱ्याच्या खाली जाऊन चिमटला होता. भाऊ सुकाणूवर, म्हणून मी रांगत नाळेपर्यंत गेले आणि फडफडणाऱ्या शिडाखाली बसून बोटांनी ती दोरी मोकळी केली. उजव्या हाताची दोन नखं उखडली. मांडव्याला पोचेपर्यंत दोघंही बोललो नाही. नांगर टाकल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, पुढच्या सीझनला ही दोरी बोटीवर नको."

दोष दोरीत होता, तसा तिच्या वाटेतही. दोरी दहा मिलिमीटरची, उन्हाने लाकडासारखी झालेली. ड्रम लहान, त्यात ती मावत नव्हती. शिवाय ड्रमच्या आधीची शेवटची कप्पी फार खाली बसवलेली, त्यामुळे दोरी ड्रमच्या कडेला घासत आत शिरायची. ती ड्रमच्या मधोमध आणि त्याच्या दांड्याशी काटकोनात शिरली पाहिजे. नवीन खरेदीआधी हे तपासा, कदाचित एक कप्पी हलवूनच तुमचं काम होईल.

जूनमध्ये बोट अलिबागच्या बाजूला खाडीकाठच्या शेडमध्ये चढवली. मापं घेतली, यादी केली, ८ ऑगस्टला ऑर्डर दिली. डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या गाभ्याची आठ मिलिमीटरची पंधरा मीटर दोरी, रेलिंगच्या खांबांवर बसणाऱ्या चार कप्प्या आणि डेकवरच्या दोन, त्यातली एक रॅचेटची (ओढताना मोकळी फिरणारी, उलटी जाताना दोरी अडवणारी), दोरी पकडून ठेवणारं एक कॅम क्लीट, भोकांतून पाणी शिरू न देणाऱ्या चिकट ब्यूटिल टेपची दोन रिळं. इथवर काही अडलं नाही.

१४ ऑगस्टला पार्सल मुंबईत उतरलं. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. १६ तारखेला कुरिअर कंपनीची ईमेल आली: केवायसी द्या. आधार पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर, नाव जुळत नाही. आधारवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं आहे. इन्व्हॉइसवर दुकानदाराने नाव आणि आडनाव एवढंच घातलेलं. पॅन पाठवलं तर त्यावर अजून माहेरचं आडनाव. मग लग्नाचा दाखला स्कॅन करून पाठवला. आपल्याकडे निम्म्या बायकांची कागदपत्रं अशीच असतात, आणि त्या फॉर्ममध्ये मधलं नाव लिहायला रकानाच नाही! तेव्हा ऑर्डर देतानाच आधारवर आहे तसं पूर्ण नाव लिहा, अक्षरन् अक्षर.

केवायसी सुटलं तेव्हा नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. कोळी बांधवांनी समुद्राला नारळ वाहिले, होड्या पाण्यात गेल्या, आणि आमची बोट शेडमध्ये डेकला अठ्ठावीस भोकं घेऊन उभी. जुनं सामान आम्ही आधीच काढून ठेवलं होतं. हे करू नका. नवीन सामान हातात येईपर्यंत जुना एकही बोल्ट काढू नका.

त्यानंतरची ईमेल: 'आयईसी क्रमांक द्या.' आयईसी म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्या धंद्याचा परवाना क्रमांक. स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या मालाला तो लागत नाही, परकीय व्यापार धोरणातच तशी सूट आहे. मी तसं लिहिलं. उत्तरात तीच ईमेल पुन्हा, शब्दही न बदलता. फोन केला. पंचवीस मिनिटं संगीत ऐकलं, मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये कमर्शिअल दिसतंय." का? तर एकाच प्रकारचे सहा नग आहेत आणि वर्णनात 'ब्लॉक' आहे. त्यांच्याकडे कोणीतरी ब्लॉक म्हणजे इंजिनाचा ब्लॉक धरून ८४०९ हा एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक टाकला होता, म्हणजे इंजिनाचे सुटे भाग! मी म्हटलं, अहो, एकेक नग ऐंशी ग्रॅमचा आहे, वजन तरी बघा. तो म्हणाला, "वजन आम्हाला दिसत नाही मॅडम, ते दुसऱ्या डिपार्टमेंटला दिसतं."

असे दहा दिवस गेले. प्रत्येक फोनला नवीन माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. मोफत साठवणुकीचे दिवस संपले आणि रोजचं भाडं चढू लागलं. गणपती आले. घरी पाहुणे, नैवेद्याची गडबड, आणि मी मोदकाच्या उकडीच्या हाताने फोन कानाला धरून 'युवर कॉल इज इम्पॉर्टंट' ऐकत होते. भाऊ म्हणाला, सोडून दे, परत जाऊ दे पार्सल. मी नाही म्हटलं. मला राग एवढ्याच गोष्टीचा होता की कागद पाहणाऱ्या एकानेही डबा उघडून वस्तू पाहिली नव्हती.

शेवटी गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले. जाताना तीन कागद नेले, तेच कामाला आले. पहिला, माल स्वतःच्या बोटीसाठी आहे, विक्रीसाठी नाही, असं सही केलेलं निवेदन. दुसरा, उत्पादकाच्या कॅटलॉगमधली फोटो आणि मापं असलेली पानं. तिसरा मी रात्री बसून काढलेला, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला. बोटीचं वरून दिसणारं चित्र, नाळेशी ड्रम, आणि दोरीची वाट लाल पेनाने. वाटेवर १ ते ६ आकडे, प्रत्येक आकड्यापाशी एक कप्पी. सहा नग कशाला, याचं उत्तर त्या लाल रेघेत होतं.

कुरिअरच्या खिडकीवर दोन तास बसवलं. मग कस्टम्सच्या अधिकारी बाईंपर्यंत पोचले. त्यांनी चित्र हातात घेतलं, लाल रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अहो, ही तर कप्पी! आमच्या गावच्या विहिरीवर होती." मला रडूच आलं. महिनाभरात पहिल्यांदा कोणीतरी त्या वस्तूला तिच्या नावाने हाक मारली होती. त्यांनीच समजावलं की अख्ख्या बोटीला ८९०३ आहे, पण त्या प्रकरणात सुट्या भागांचं कलम नाही, म्हणून प्रत्येक वस्तू आपापल्या जातीने जाते: कप्पी ८४८३ खाली, दोरी ५६०७ खाली. ही गोष्ट कुरिअरच्या एकालाही सांगता आली नव्हती. कागदांवर शेरा पडायला दहा मिनिटं लागली. पुढचे तीन दिवस कुरिअर कंपनीने तो शेरा आपल्या सिस्टीममध्ये चढवायला घेतले. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, १६ सप्टेंबरला, पार्सल दारात आलं. साठवणुकीचं भाडं मीच भरलं, तक्रार केली, परत एक रुपया आला नाही. आणि हो, ड्युटी वस्तूच्या किमतीवर बसत नाही; किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर बसते, त्यावर आयजीएसटी. बजेट करताना मी हे धरलं नव्हतं.

बोल्ट मात्र परदेशातून मागवू नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सगळे मिळतात, फक्त ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे मागा आणि डोक्यावर ए४ चा शिक्का बघून घ्या. ए२ म्हणजे ३०४, खाऱ्या पाण्यात तो लवकर तांबारतो. लोहचुंबक लावून काही कळत नाही.

बसवायला तीन शनिवार-रविवार लागले. गेटवेच्या लाँच अजून नीट सुरू नव्हत्या, म्हणून पेण-वडखळवरून गाडीने. भोकांपैकी सहांत डेकच्या आतलं बाल्सा लाकूड कुजलेलं निघालं, चहाच्या चोथ्यासारखं काळं. एल-कीचं टोक ड्रिलला लावून भोकाभोवतीचं लाकूड आतल्या आत खरवडलं, दिवा लावून आठवडाभर सुकवलं, मग घट्ट केलेलं इपॉक्सी भरलं आणि त्यातून नवीन भोक पाडलं. आता पाणी मुरलं तरी लाकडापर्यंत जाणार नाही. भोकाचं वरचं तोंड थोडं शंकूसारखं उघडा, ब्यूटिल त्या खळग्यात बसून बोल्टभोवती कडं धरतं. आवळताना वरून बोल्ट अजिबात फिरवायचा नाही, नाहीतर टेप पिळवटते. मी वर स्क्रूड्रायव्हर दाबून, भाऊ खाली केबिनमध्ये नट फिरवत. "ताई, हललं का?" "नाही." "आता?" "थांब!" एका दिवसात पूर्ण आवळू नका, ब्यूटिल सावकाश पसरतं, दोन-तीनदा परत जाऊन आवळावं लागतं. खालून जाड वॉशर किंवा फायबरची पट्टी हवीच. आणि कायमचं चिकटणारं सीलंट डेकवरच्या सामानाला वापरू नका, पुढे काढताना डेकचाच पापुद्रा निघतो.

दोरीचं राहिलंच. ड्रमवर जो भाग जातो, तेवढ्याचं वरचं कव्हर काढून टाकायचं आणि टोक निमुळतं करून शिवायचं. उरतो तो जेमतेम पाच मिलिमीटरचा गाभा, ड्रमवर सैल मावतो. हाताशी मात्र आठ मिलिमीटरच येते, तळहात कापत नाही. शीड पूर्ण गुंडाळलेलं असताना ड्रमवर तीन-चार वेढे शिल्लक हवेत, कारण जोराच्या वाऱ्यात शीड जास्त घट्ट बसतं आणि जास्त दोरी खातं. शीड सोडताना फर्लरची दोरी हातातून थोडी ताणूनच जाऊ द्या. मार्चमध्ये आम्ही तिथेच चुकलो होतो, दोरी सैल सोडली आणि वेढे एकमेकांवर चढले. आणि दोरी जड लागली म्हणून विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या चरख्यावर घेऊ नका, आधी पुढे काय अडकलंय ते बघा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मांडव्यासमोर तीनच्या सुमारास वारा आला. भावाने शीट, म्हणजे शीड ताणून धरणारी दोरी ढिली केली, मी बसल्या जागेवरून दोरी ओढली. रॅचेटची कप्पी कटकट वाजत राहिली, शीड डोळ्यांदेखत बारीक होत गेलं. भाऊ मोठ्याने वेढे मोजत होता. चौदाला थांबला. मी दोरी क्लीटमध्ये टाकली आणि परत सगळं शीड सोडलं, परत गुंडाळलं, असं पाच वेळा केलं.

ते लाल रेघेचं चित्र आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून निवेदनाच्या कोऱ्या प्रतीसकट बोटीच्या फाइलमध्ये ठेवलंय. पुढच्या पावसाळ्यात मेनसेलच्या, म्हणजे मुख्य शिडाच्या कप्प्या बदलायच्या आहेत, त्या पाच आहेत.