टोन द्या हो!

फॅक्स मशीनवर बटणं पंचवीस-तीस असायची, पण फॅक्स जायचा तो एका वाक्यावर: ‘हॅलो, जरा फॅक्स टोन द्या हो!’

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इचलकरंजीतल्या एका सूत दलालाच्या पेढीवर मी हिशेब लिहायला होतो. टेलिफोनची लाइन एकच. मशीन ‘ऑटो’वर ठेवलं तर बोलायला फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कानात शिट्टी बसायची, ‘मॅन्युअल’वर ठेवलं तर दुपारच्या सुट्टीत आलेला फॅक्स उपाशी परत जायचा. मालक मॅन्युअलवाले. फोन उचलला की पलीकडून अर्धा सेकंद टूं, तीन सेकंद गप्प, पुन्हा टूं. ही ११०० हर्ट्झची हाक. हिरवं बटण दाबायचं, की आपलं मशीन २१०० हर्ट्झची लांबलचक शिट्टी मारून ओ देणार. हाच तो ‘टोन’. मग खरखर सुरू. तेवढ्यात वरच्या मजल्यावर वहिनींनी त्याच लाइनवरचा पॅरललचा फोन उचलला, की पान निम्म्यात लटकलंच म्हणून समजा.

गंमत अशी, की तारेवरून चित्र पाठवण्याचं पेटंट अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीनं १८४३ सालीच घेतलं होतं. बेलचा टेलिफोन आला १८७६ला. म्हणजे थोरला भाऊ धाकट्याच्या दारात उभा राहून ‘टोन द्या’ म्हणत होता.

खरी मारामारी रिझोल्यूशनची. ‘स्टँडर्ड’वर मशीन कागदाच्या एका मिलिमीटरात ३.८५ ओळी वाचतं, ‘फाइन’वर बरोबर दुप्पट, ७.७. वेळही जवळजवळ दुप्पट, आणि एसटीडीचा, म्हणजे परगावच्या कॉलचा, मीटर तर कुणासाठीच थांबायचा नाही. मालक अर्थातच स्टँडर्डवाले. इंग्रजी टाइप केलेलं पत्र त्यात सुखरूप पोचतं. मराठीचं तसं नाही. आपल्या लिपीचा निम्मा कारभार अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी चालतो, आणि स्टँडर्डची काटकसर असते ती नेमकी उभ्या दिशेला. आडवे ठिपके मिलिमीटरला आठ ते आठच. बारीक रिफिलनं ओढलेली शिरोरेघ दोन ओळींच्या मध्ये सापडली की गेली. अनुस्वार आणि कागदावरची घाण यांत फरक करायला मशीनला काय पडलंय! ‘माल उद्या पाठवू’ असं आम्ही लिहिलेलं पलीकडे ‘माल उद्या पाठव’ असं उमटलं, आणि तिकडच्या शेटजींना आमची भाषा फार उर्मट वाटली. आश्वासनाची आज्ञा व्हायला एक उकार पुरला. तेव्हापासून मराठी मजकूर जाड स्केचपेननं, मोकळ्या ओळी सोडून लिहायचा असा पेढीचा नियम झाला. फाइनचं बटण मात्र कोरंच राहिलं.

‘डार्क’ हे दुसरं मायाजाल. चलनाची गुलाबी कार्बन कॉपी फिकट, म्हणून डार्क लावावं, तर घड्या, चहाचे डाग आणि मागच्या बाजूचा शिक्कासुद्धा नटूनथटून निघायचा. शिवाय मशीन ‘इतके ठिपके पांढरे, इतके काळे’ असं मोजून पाठवतं. कोरी जागा झपाट्यानं जाते, ठिपक्याठिपक्यांचं पान रेंगाळतं. डाग पाठवायचेही पैसे पडत!

घड्याळाचं तर काही विचारू नका. आमच्या मशीनला बॅटरी होती की नाही देव जाणे, पण लाइट गेली की तारीख १ जानेवारी. तीच प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापून जाणार. पुन्हा लावायची तर फंक्शन, मग आकडे, मग सेट, मध्येच चुकलं की पहिल्यापासून. आम्ही पेनानं खाली खरी तारीख लिहून मोकळे व्हायचो. मे महिन्यात एका व्यापाऱ्यानं तीच माथ्यावरची तारीख धरली: तुमचा भाव जानेवारीतला आहे, तेव्हा माल जानेवारीच्या भावानंच द्या. जानेवारीत सूत स्वस्त होतं. दोन दिवस फोनवर भांडण चाललं. मालकांनी भाव सोडला नाही, पण तिसऱ्या दिवशी मशीनसाठी इन्व्हर्टर आणला. वहिनी खाली येऊन म्हणाल्या, ‘‘आता एक वायर वरच्या पंख्यालापण ओढा.’’