रात्री दोनचं काम

ऑफिसातला सर्व्हर सोडून क्लाउडवर (इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर) जायच्या तयारीची बैठक संपत आली होती. काय काय हलवायचं त्याची एक्सेलमध्ये यादी: ४२ ओळी, सगळ्या हिरव्या. तेवढ्यात अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "आणि ते रात्री दोनला चालतं, ते कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं.

कोणीतरी कधीतरी लिहिलेली छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम. रोज विक्रीचे आकडे उचलून अकाउंट्सच्या फोल्डरमध्ये ठेवते. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला, ती बिचारी चालूच आहे. आत जुन्या सर्व्हरचा आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) थेट टाइप केलेला! सर्व्हर हलवला की ही गुपचूप बंद पडणार, आणि आम्हाला कळणार महिनाअखेरीला.

आम्ही दोन आठवडे भांडलो ते डेटा किती दिवसांत वर जाईल यावर. (१० टीबी, १०० एमबीपीएसची लाइन: पूर्ण वेगाने सलग ९ दिवसांहून जास्त. साधा भागाकार होता.)

मॅडमना तर बैठकीला बोलावलंही नव्हतं. कसल्याशा सहीसाठी आत आल्या होत्या.

आता यादी पुन्हा पहिल्यापासून. जुना सर्व्हर मुद्दाम दिवसभर बंद ठेवावा आणि कोण ओरडत येतं ते पाहावं, असं मनात आहे. कोणी केलंय का असं?